शंकापेटी : जर्मन युद्धपदकं – खरी, खोटी आणि चिंचेने घासलेली

गेल्या काही आठवड्यांत नाशिक आणि आसपासहून जर्मन मोहीमपदकांबद्दल, म्हणजे एखाद्या युद्धात किंवा मोहिमेत असल्याबद्दल दिलेल्या पदकांबद्दल, बरीच पत्रं आली. सारख्या शंका एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. ज्यांनी पदकाचा फोटो पाठवताना फक्त दर्शनी बाजू पाठवली, त्यांना एक विनंती: पुढच्या वेळी पाठ, काठ आणि वरची कडी यांचेही फोटो हवेत. बहुतेक निकाल तिथेच लागतो.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक तपकिरी गोल पदक सापडलं. राणीछाप रुपयाहून जरा लहान. एका बाजूला मुकुट आणि इंग्रजी डब्ल्यू, दुसऱ्या बाजूला किरणं निघणारा क्रॉस, मध्ये १८७० आणि १८७१. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, मग हे साल कसं? सराफ म्हणाले, पितळ आहे, शंभर रुपये देतो. – देवळाली कॅम्प

देऊ नका. वर्णनावरून हे १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाचं पदक आहे. जर्मन सम्राट विल्हेल्म पहिला याने २० मे १८७१ रोजी ते सुरू केलं. व्यास साधारण २९ मिलिमीटर. राणीछाप रुपया तीसच्या थोडा वर भरतो, म्हणजे तुमची तुलना बरोबर आहे.

याचे दोन मुख्य प्रकार. प्रत्यक्ष लढलेल्यांसाठीचं कांस्याचं, ते जिंकलेल्या फ्रेंच तोफा वितळवून केलं. त्यावर 'डेम झीगराइखन हीरे', म्हणजे 'विजयी सैन्यास' असा लेख असतो. न लढलेल्यांसाठी, म्हणजे डॉक्टर, कारकून, सेवा करणारे यांच्यासाठी पोलादी पदक. त्यावर 'युद्धातील कर्तव्यनिष्ठेसाठी' या अर्थाचा जर्मन लेख. तुमचं तपकिरी आहे, म्हणून पहिला प्रकार धरून चाला आणि लगेच काठ बघा. पदक बोटांच्या चिमटीत उभं धरा, खिडकीचा उजेड तिरका पडू द्या आणि हळूहळू फिरवा. काठावर 'ऑस एरोबेर्टम गेश्यूत्झ', म्हणजे 'जिंकलेल्या तोफेतून', ही रोमन अक्षरं आत दाबलेली दिसायला हवीत. शंभर-दीडशे वर्षं हाताळून ती झिजतात, पण दहापट भिंगाखाली एखाददुसरं अक्षर तरी सापडतं.

काठाभोवती मधोमध बारीक रेघ किंवा कानशीने घासल्याच्या खुणा असतील तर ते साच्यात ओतलेलं आहे. अस्सल पदक ठशाने दाबलेलं असतं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या बोथट होतात आणि सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात, कारण धातू थंड होताना हवा अडकते. शिवाय धातू आकसतो, म्हणून अस्सलावरून साचा काढून ओतलेली नक्कल व्यासाला अर्धा मिलिमीटर तरी कमी भरते. साध्या पट्टीने हा फरक कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो.

सराफाकडे परत जायचंच असेल तर कॅरेट मशीनवर धातू तपासून घ्या. तोफेचं कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. मशीन तांब्याबरोबर पंचवीस-तीस टक्के जस्त दाखवू लागलं तर ते खरंच पितळ आहे, आणि मग पदक संशयास्पद. मात्र ही यंत्रं सोन्यासाठी जुळवलेली असतात आणि फक्त वरचा पातळ थर वाचतात. टक्केवारी अंदाजेच समजा, कुठला धातू आहे एवढंच घ्या. आणि कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. सराफाच्या हाताला ती सवय असते, तुम्ही बघेपर्यंत काठावर चरा पडलेला असतो.

आता आजोबांच्या ट्रंकेत ते आलं कसं? पहिल्या महायुद्धात अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जर्मन नजरकैदी आणि युद्धकैदी ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धात अहमदनगरबरोबर देवळालीतही जर्मन नागरिकांची छावणी होती. दुसरीकडे आपले जवान उत्तर आफ्रिका आणि इटलीत जर्मनांशी लढून परतले, आठवण म्हणून वस्तू घेऊन आले. तुमचं पदक यांपैकी कुठल्याही वाटेने आलं असेल, पण ही फक्त शक्यता आहे. ब्रिटिश पदकाच्या काठावर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. जर्मन मोहीमपदकावर सहसा नाव नसतंच. कोणाच्या छातीवर होतं, हे पदक स्वतः सांगू शकत नाही. म्हणून ट्रंकेतली पाकिटं, चिठ्ठ्या, डायरी, अगदी ज्या कागदात ते गुंडाळलं होतं तो कागदही फेकू नका.

प्रश्न : जुन्या बाजारातून घेतलेलं कांस्यपदक चिंच-मीठ लावून घासलं. आधी छान चमकलं, आता गुलाबी दिसतंय आणि खाचांत फिकट हिरवी भुकटी येते. पुन्हा घासू का? – पंचवटी

आधी घासणं थांबवा. देवघरातली तांब्याची पळी आणि पदक यांत फरक असा की पळी आपण वर्षानुवर्षं घासण्यासाठीच ठेवतो, पदकाचा तपकिरी थर मात्र त्याचं अर्धं मोल असतं. चिंचेतल्या आम्लाने तो निघाला. तो परत येत नाही आणि बाजारात मिळणारी 'अँटिक' करायची रसायनं लावून आणूही नका. जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो.

पण खरा धोका मिठाचा. मिठातलं क्लोराइड खाचांत राहिलं की दमट हवेत तांब्याशी पुन्हा पुन्हा अभिक्रिया होत राहते, फिकट हिरवी भुकटी सुटते आणि खाली खड्डे पडतात. यालाच कांस्यरोग म्हणतात. गडद हिरवा, घट्ट बसलेला थर वेगळा, तो स्थिर असतो. त्याला हात लावू नका. फिकट, बोटाला लागणारी भुकटी ती वाईट.

उपाय असा. रिबन काढून ठेवा. मऊ बाभळीची किंवा बांबूची काडी टोक करून भुकटी हलकेच उकरून काढा, सुई नको. मग काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते चालेल, पण बाटलीवर आम्ल नसल्याची खात्री करा. त्यात पदक बुडवा आणि रोज पाणी बदला. असं किमान दहा दिवस. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं आणि आपण तेच घालवायला बसलो आहोत. नंतर सुती कापडाने टिपा, हेअर ड्रायर मंद ठेवून एक फुटावरून पूर्ण वाळवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. महिनाभर रोज बघा. भुकटी पुन्हा आली तर संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाकडे न्या. पुढचं रसायन विषारी आहे, स्वयंपाकघरात करण्यासारखं नाही.

ही बुडवण्याची कृती फक्त कांस्यासाठी आहे. पोलादी किंवा लोखंडी पदक पाण्यात टाकलंत तर सकाळी वाटीत गंज मिळेल. रिबनही धुवायची नाही. जुना लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरतो आणि मग ती रिबन गेलीच.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, पदकाला चुंबक चिकटलं तर ते नकली. खरं का? – नाशिकरोड

उलटही असू शकतं. कुठलं पदक आहे त्यावर ठरतं. १८७०–७१ चं लढवय्यांचं पदक कांस्याचं, त्याला चुंबक चिकटता कामा नये. न लढलेल्यांचं पोलादी, त्याला चिकटलंच पाहिजे. १९०१ मध्ये सुरू झालेलं चीन मोहिमेचं पदक, ज्यावर गरुडाने ड्रॅगनला पायाखाली धरलंय, आणि १९०७ चं नैऋत्य आफ्रिकेचं (तेव्हाची जर्मन वसाहत, आजचा नामिबिया) पदक, या दोन्हींत हीच कांस्य-पोलाद जोडी आहे. (चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या वेळी ते मोडायला गेलेल्या आठ देशांच्या फौजेत आपल्या पलटणीही होत्या, त्यामुळे चीनची ब्रिटिश आणि जर्मन पदकं कधीकधी एकाच पुरचुंडीत सापडतात.) १९१४ च्या आयर्न क्रॉसचा, म्हणजे लढाईतल्या पराक्रमाच्या जर्मन पदकाचा, गाभा लोखंडी, चौकट चांदीची: चुंबक चिकटतं, पण चौकट आणि गाभा यांच्यामधली फट भिंगातून दिसायला हवी. सगळं एकाच तुकड्यात ओतलेलं असेल तर ते खेळणं समजा.

आता ज्या पदकाबद्दल हा प्रश्न सर्वांत जास्त येतो ते म्हणजे हिंडेनबर्ग क्रॉस. पहिल्या महायुद्धातल्या सगळ्यांसाठी १३ जुलै १९३४ रोजी तो सुरू झाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले. हा क्रॉस लोखंडी आहे, वर कांस्याचा मुलामा. चुंबक चिकटलं नाही तर शंका घ्या. प्रकार तीन. तलवारी आणि लॉरेलची माळ असलेला आघाडीवर लढलेल्यांचा, साठ लाखांहून अधिक दिले गेले. तलवारी नसलेला, ओकच्या पानांचा, युद्धात सहभागी पण न लढलेल्यांचा, अकरा लाखांच्या आसपास. आणि काळा रंग दिलेला, मृतांच्या विधवांचा आणि आई-वडिलांचा, सात लाखांच्या आसपास. पाठीवर कारखान्याची खूण असते, ती भिंगाने वाचून लिहून ठेवा.

संख्या पाहिलीत ना? म्हणूनच तलवारीवाला क्रॉस नवशिक्याने पहिला घ्यावा. इतके आहेत की स्वस्त आहेत, स्वस्त आहेत म्हणून नकला करून कोणाला फारसं सुटत नाही. काळ्याच्या बाबतीत मात्र सावध. साधा ओकवाला घ्यायचा, काळा रंग फासायचा आणि विधवांचा म्हणून विकायचा, हा सोपा धंदा आहे. कडीच्या भोकात आणि पानांच्या खोबणीत बघा: रंगाखालून कांस्याची छटा डोकावली, किंवा रंग पाठीवरच्या खुणेत साचून अक्षरं भरून गेली, तर सोडून द्या.

प्रश्न : ऑनलाइन 'रशियाच्या हिवाळ्याचं' जर्मन पदक मिळतंय, पॅकेटसकट. किंमत फार कमी आहे. घ्यावं का? – कॉलेज रोड

पॅकेटसकट मिळणं यात नवल नाही. हे पदक लाखोंनी दिलं गेलं, शिवाय रोजच्या गणवेशावर बहुतेक वेळा फक्त रिबन बटणाच्या काजात लावत, पदक पाकिटातच राहत असे. २६ मे १९४२ ला ते सुरू झालं. १५ नोव्हेंबर १९४१ ते १५ एप्रिल १९४२ या काळात पूर्व आघाडीवर चौदा दिवस लढलेला, साठ दिवस सेवेत असलेला, जखमी झालेला किंवा थंडीने अवयव गोठलेला शिपाई त्याला पात्र होता. जवान त्याला 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणत. व्यास ३६ मिलिमीटर, वर शिरस्त्राण आणि आडवा हातबॉम्ब.

बरीचशी जस्ताची आहेत. जस्ताला चुंबक चिकटत नाही आणि वरचा काळा-चंदेरी थर सुटला की खाली करडा, खडूसारखा धातू दिसतो. ऐंशी वर्षांच्या जस्तावर असं होणारच. अगदी नवं कोरं, आरशासारखं चकाकणारं असेल तर विचारपूस करा. रिबन लाल, मधोमध पांढरी-काळी-पांढरी पट्टी. तीवर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा, पूर्ण अंधारात. पांढरा पट्टा निळसर-पांढरा झगमगला तर त्या धाग्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कापड शुभ्र दिसावं म्हणून घालतात ते रसायन) आहे, म्हणजे धागा बहुधा युद्धानंतरचा. पण यावरून एकदम निकाल देऊ नका. जुनी रिबन कोणी आजच्या पावडरमध्ये धुतली असली तरी ती चमकते. उलट, न चमकणारी नवी रिबनही असते. रिबनवरून संशय घ्यायचा, निकाल धातूवर लावायचा.

आणखी एक. गरुडाखाली स्वस्तिक नसलेला नमुना नकली नव्हे. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने जुन्या सैनिकांना नाझी चिन्ह काढलेली पदकं वापरायला परवानगी दिली, त्यातला तो आहे. '१९५७ नमुना' म्हणून गोळा करायला हरकत नाही, १९४२ चं म्हणून पैसे मोजू नका.

प्रश्न : एका पट्टीवर चार पदकं टाचलेली मिळाली: १८७०–७१ चं, १८९७ चं शताब्दी पदक, १९१४ चा आयर्न क्रॉस आणि हिवाळ्याचं. विक्रेता 'एकाच कुटुंबाचं' म्हणतो. – इंदिरानगर

कुटुंबाचं असेलही, एका छातीचं नाही. १८७० मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस १९४१ च्या डिसेंबरात नव्वदी ओलांडलेला. पहिली दोन एकत्र शोभतात. विल्हेल्म पहिल्याच्या जन्मशताब्दीचं ४० मिलिमीटरचं पदक अनेक जुन्या सैनिकांना मिळालं होतं. आयर्न क्रॉसबरोबर हिंडेनबर्ग क्रॉस शोभला असता. पट्टी उलटी करा. पाठीमागचं कापड, शिवण आणि पिन यांचं वय एकच दिसायला हवं. पिनेला गंज आणि त्या गंजाचा डाग कापडावर बरोबर पिनेखालीच उतरलेला असेल तर चांगली खूण. टाक्याचा दोरा यूव्हीखाली चमकला तर पट्टी अलीकडे शिवली आहे. चारही पदकं सुटी अस्सल असू शकतात, तेव्हा सुट्याचा भाव द्या.

प्रश्न : १८७०–७१ च्या पदकाच्या रिबनवर गावांच्या नावांच्या पट्ट्या नाहीत. अपूर्ण आहे का? – सिन्नर

नाही. लढायांच्या नावांच्या या धातूच्या पट्ट्या १८९५ साली, युद्धाला पंचवीस वर्षं झाल्यावर सुरू झाल्या. तोवर कितीतरी सैनिक वारले होते. पट्टी नसलेलं पदकच जास्त सापडतं. सेदान, ग्राव्हलोत अशा पट्ट्या सुट्या विकत घेऊन वर चढवणं सोपं आहे. म्हणून पट्ट्यांसाठी जास्त पैसे मागितले तर त्या रिबनवर किती काळ बसल्या आहेत ते बघा. खालचं कापड बाकीच्या रिबनपेक्षा गडद राहिलेलं असतं.

प्रश्न : आझाद हिंद सरकारचं, जर्मनीत बनलेलं पदक देऊ केलंय. नेताजींच्या काळातलं म्हणतात. – पाथर्डी फाटा

ही पदकं नेताजी जर्मनीत असताना १९४२ मध्ये सुरू झाली आणि व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूव्हालच्या कारखान्यात बनली. अडचण अशी की त्याच कारखान्याने युद्धानंतरही ती पाडली. घडण सारखीच, म्हणून चुंबक-भिंगाच्या चाचण्या इथे तोकड्या पडतात. सोबत प्रदानपत्र किंवा त्या काळातला फोटो नसेल तर युद्धोत्तर समजूनच भाव करा. नेताजींच्या नावाने भावनेला हात घालून चौपट किंमत लावणारे बरेच आहेत.

प्रश्न : जर्मनीहून मागवताना आणि परत विकताना कायदा काय? – गंगापूर रोड

मागवताना खरी किंमत आणि खरं वर्णन लिहायला सांगा. 'भेटवस्तू' लिहून पाठवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. कस्टम्समध्ये पार्सल अडकतं आणि खोटं विवरण तुमच्या नावावर लागतं. बिल, जाहिरातीचा फोटो, पैसे दिल्याची पावती जपून ठेवा. स्वस्तिक असलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनावर जर्मनीत फौजदारी कायद्याचं बंधन आहे. तिथले विक्रेते फोटोत तेवढा भाग झाकतात. तो झाकलेला भाग मागवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण नकलेतली चूक नेमकी तिथे असते.

बाहेर पाठवणं वेगळं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १८७१, १९०१, १९०७ ची पदकं आणि १९१४ चा क्रॉस यात येऊ शकतात, वस्तू मुळात परदेशी असली तरी. पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागेल.

प्रश्न : पावसाळ्यात पदकं कशी ठेवावीत? सागवानी पेटीत, लाल मखमलीवर ठेवली आहेत. – म्हसरूळ

पेटी बैठकीत शोभेला ठेवा, पदकं बाहेर काढा. लाकडातून आम्लाच्या वाफा सुटतात, बंद पेटीत त्या साचतात आणि जस्ताला आधी लागतात. मखमलीचा रंग ओलाव्याने रिबनला लागतो. पीव्हीसीची मऊ पाकिटंही नकोत, काही वर्षांनी चिकट होऊन हिरवा डाग देतात. डांबरगोळ्या आणि कापूर त्याच डब्यात नको.

पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळावर त्रिकोणात ५ आकडा असलेला. पाच लिटरच्या डब्याला शंभर ते दीडशे ग्रॅम ओलावा शोषणारं केशरी सिलिका जेल, कापडी पुरचुंडीत. प्रत्येक पदक आम्लरहित कागदात वेगळं गुंडाळा. वर्तमानपत्र नको. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० टक्क्यांच्या खाली राहू द्या. मापक खरा आहे का ते आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, मापकासह झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. ७० दाखवलं तर पुढे नेहमी पाच मिळवून वाचा. जेलचा केशरी रंग गेला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास. जून ते सप्टेंबर ही पाळी दर दोन-तीन आठवड्यांनी येईल. डबा लोखंडी कपाटात, पण बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको.

प्रश्न : नैऋत्य आफ्रिकेचं पदक मुलाच्या शाळेच्या प्रदर्शनात मांडावं का? – सातपूर

मांडा, पण पाटी पूर्ण लिहा. ते १९०४ ते १९०८ च्या मोहिमेचं आहे. त्यात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार झाला आणि २०२१ मध्ये जर्मन सरकारने तो वंशसंहार असल्याचं मान्य केलं. नुसतं 'जर्मन शौर्यपदक' लिहिणं चूक ठरेल. मोहिमेत असल्याबद्दल दिलेलं पदक ते, शौर्याचं नव्हे.

प्रश्न : पदकापेक्षा त्याचा कागद महाग का? विक्रेता दोन्ही वेगळे विकतोय. – ओझर

कारण नाव कागदावर असतं. हिंडेनबर्ग क्रॉस अर्ज करून मिळत असे. प्रदानपत्रावर व्यक्तीचं नाव, तारीख, क्रमांक आणि स्थानिक अधिकाऱ्याची सही-शिक्का असतो. त्यावरून गाव कळतं, कधी पलटणीपर्यंतही धागा जातो. कागद घ्यायचा तर शिक्का भिंगाखाली बघा. रबरी शिक्क्याची शाई कागदात मुरलेली आणि कडेला दाटलेली असते, प्रिंटरने छापलेला शिक्का रंगीत ठिपक्यांचा दिसतो. टाइपरायटरच्या अक्षरांची ओळख पाठीमागून बोट फिरवून लागते, पूर्णविराम कागदात जवळजवळ भोक पाडतो. जुनं जर्मन हस्ताक्षर आज जर्मन तरुणांनाही सहज वाचता येत नाही, तेव्हा ते लागलं नाही म्हणून कागद टाकू नका. चांगला स्कॅन काढा.

दोन्ही घेणार असाल तर एकाच बिलावर घ्या आणि बिलावर कागदाचा क्रमांक लिहून मागा. वेगवेगळ्या बिलांवर घेतलेली जोडी पुढच्या खरेदीदाराला जोडी म्हणून पटवता येत नाही.